पोटरी धरते, ती दरवेळी वयामुळे नव्हे
चालताना पाय का दुखतात, यावरच्या तुमच्या लेखात कारणं म्हणून गुडघा आणि कंबर आली, रक्तवाहिनी मात्र राहूनच गेली. आमचे अण्णा निपाणीचे. उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं, बिडीही होतीच. बाजाराला जाताना ठरावीक अंतरावर पोटरी धरायची. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की सुटायची. मणक्याच्या दुखण्यात बहुतेकदा बसल्या-वाकल्यावर आराम पडतो, हा फरक आम्हाला कुणी सांगितलाच नाही. वर्षभर तेल चोळत बसलो! शेवटी बेळगावात घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजला. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारं गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं समजतात, अण्णांचं ०.६ आलं. आता बिडी बंद, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं रोज चालू आहे. साखर असलेल्यांनी पायावरची जखम अजिबात अंगावर काढू नका.