‘३७ धावांत गारद होणारा संघ’: थायलंडच्या महिला क्रिकेटविषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

महिलांच्या क्रिकेटची मोठी स्पर्धा जवळ आली की मराठी क्रिकेट गटांमध्ये एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. थायलंडचा संघ म्हणजे तिकडे राहणाऱ्या परदेशी लोकांची मोट. भारतापुढे ३७ धावांत गारद होणाऱ्यांना क्रिकेट येत नाही. सलग १७ विजयांचा विक्रम दुबळ्यांना झोडपून केलेला. पाकिस्तानवरचा विजय नशिबाचा. आणि शेवटी, आयसीसीने (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने) संधी देऊनही हे वर येत नाहीत, तर अशांना विश्वचषकात घेऊच नये. यातला एक मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. बाकीचे धावफलकाची एकच ओळ वाचून काढलेले आहेत.

परदेशी लोकांच्या मोटेपासून सुरुवात करू. हा गैरसमज कुठून आला ते कळतं. थायलंडच्या पुरुष संघात वर्षानुवर्षं तिथे स्थायिक झालेल्या भारतीय, पाकिस्तानी, इंग्रज खेळाडूंचा भरणा राहिला आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या महिला संघातही भारतीय वंशाच्या मुली बऱ्याच आहेत. सलग तीन वर्षं वास्तव्य असेल तर आयसीसीचे नियम त्याला परवानगी देतात, त्यामुळे त्यात गैरही काही नाही. पण थायलंडच्या महिला संघाची गोष्ट वेगळी आहे. २०२०च्या ऑस्ट्रेलियातल्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी गेलेल्या १५ जणींची यादी काढून पाहा: कर्णधार सोर्ननारिन टिपोच, नत्थाकन चंथम, नत्ताया बूचाथम, नरुएमोल चायवाय, यष्टिरक्षक नन्नापत कोंचारोएनकाई, चनिदा सुत्थिरुआंग. शेवटच्या नावापर्यंत सगळ्या थाई. घरात क्रिकेटचा गंध नसलेल्या मुलींना मोठेपणी खेळ शिकवून हा संघ उभा केलेला आहे, आणि त्यातल्या कित्येक जणी आधी सॉफ्टबॉल खेळत होत्या.

सॉफ्टबॉलमधून क्रिकेटमध्ये येताना काय उपयोगी पडतं आणि काय आडवं येतं, हे समजलं की या संघाच्या खेळाचा निम्मा उलगडा होतो. थ्रो आयता मिळतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू उचलून बेसवर सपाट फेकण्याची सवय हाडात मुरलेली असते, म्हणून थायलंडचं क्षेत्ररक्षण त्यांच्या फलंदाजीच्या बरंच पुढे दिसतं. झेलाचं मात्र उलट. सॉफ्टबॉलचा चेंडू साधारण ३० सेंटीमीटर घेराचा आणि एका हातात चामड्याचा मोठा ग्लोव्ह. महिला क्रिकेटचा चेंडू २१ ते २२.५ सेंटीमीटर घेराचा, १४० ते १५१ ग्रॅमचा, कडक शिवणीचा, आणि तो उघड्या दोन हातांनी घ्यायचा. ग्लोव्हची सवय असलेली मुलगी एक हात पुढे करून चेंडूला सामोरी जाते आणि बोटांच्या टोकावर मार खाते. म्हणून आधी टेनिस चेंडू, मग हलका चेंडू आणि शेवटी खरा, असं चढत जावं लागतं. दोन्ही करंगळ्या जोडायच्या आणि चेंडू हातात येताना हात शरीराकडे ओढून घ्यायचे, हे शेकडो वेळा घोटावं लागतं.

फलंदाजीत अडचण आणखी खोल आहे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा घेत नाही, बॅट आडवी फिरते आणि ताकद मागच्या पायावरून कमरेच्या वळणातून येते. तोच आडवा फटका आत येणाऱ्या पूर्ण टप्प्याच्या चेंडूला मारला तर पायचीत किंवा त्रिफळा. पुढचा पाय चेंडूच्या रेषेत टाकणं, डोकं त्या गुडघ्याच्या वर ठेवणं आणि वरच्या हाताने बॅट सरळ खाली आणणं, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. एक फटका मात्र जवळजवळ फुकट मिळतो: गुडघा टेकला की तोच आडवा झोका स्वीप होतो.

धावतानाही असंच. सॉफ्टबॉलची खेळाडू चेंडू मारला की बॅट टाकून पळते. क्रिकेटमध्ये बॅट हातात ठेवून, क्रीजच्या अलीकडेच ती जमिनीवर टेकवून सरकवत न्यायची, खाली वाकून वळायचं आणि चेंडू दिसेल अशा हातात बॅट बदलायची. या बदलात एक पाऊल जरी वाया गेलं तरी दुसरी धाव हुकते. आणि ज्या संघाकडे षटकार कमी, त्याचं पोट दुसऱ्या धावेवरच भरतं.

या संघाचं मराठी कौतुकही फिरतं: ‘पुण्याच्या हर्षल पाठकांनी हा संघ शून्यातून घडवला.’ पाठक २०१८च्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांच्याच हाताखाली संघ विश्वचषकाला पात्र ठरला. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ‘शून्यातून’ हे बरोबर नाही. पाठक येण्याआधीच, जून २०१८मध्ये क्वालालंपूरच्या आशिया चषकात थायलंडने श्रीलंकेला चार गडी राखून हरवलं होतं आणि वोंगपाका लिएंगप्रसेर्तने १२ धावांत ५ बळी घेतले होते. पाठकांनी एका चांगल्या संघाला वरची पायरी चढवली, असं म्हणणं त्यांच्यावरही आणि त्या मुलींवरही न्याय करणारं आहे.

आता ३७ धावा. हा आकडा खरा आहे. १० ऑक्टोबर २०२२, सिल्हेट, आशिया चषक. सांगलीच्या स्मृती मानधनाचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना होता आणि त्या दिवशी नेतृत्वही तिच्याकडेच होतं. स्नेह राणाने ९ धावांत ३ बळी घेतले, थायलंडचा डाव १५.१ षटकांत संपला आणि भारताने सहा षटकांत सामना उरकला.

पण मजकुरात फक्त ‘३७’ आहे, ‘१५.१’ नाही. ९१ चेंडू खेळून ३७ धावा, याचा अर्थ फलंदाज आल्या आणि बाद झाल्या एवढाच होत नाही. त्या चेंडू अडवत होत्या आणि मोकळ्या जागेत ढकलू शकत नव्हत्या. संथ खेळपट्टीवर चांगली ऑफस्पिन यष्ट्यांवर पडत राहिली की दोनच वाटा उरतात. एक तर पुढे सरसावून चेंडू अर्ध्यावर गाठायचा आणि आतल्या वर्तुळातल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मारायचा. नाहीतर मागे जाऊन कट किंवा पुल करायचा. महिलांच्या सामन्यात सीमारेषा ५५ ते ६४ मीटरवर असते, म्हणजे पहिल्या वाटेसाठी चेंडू हवेत निदान चाळीसेक मीटर तरी जायला हवा. एवढी ताकद त्या वेळच्या थाई फलंदाजांपैकी मोजक्याच जणींकडे होती. क्षेत्ररक्षकांना ते ठाऊक होतं, म्हणून त्या आत येऊन उभ्या राहिल्या आणि एकेरी धावाही बंद झाल्या. पुढे एकामागून एक निर्धाव चेंडू, मग वैतागून आडवा फटका, मग बळी. संघाची खरी दुखरी जागा हीच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. समोर १०० ते १२०चं लक्ष्य असेल तर हा संघ कोणालाही घाम फोडतो. १५०च्या पुढे गेलं की त्यांच्याकडे उत्तर नसतं. २०२०च्या विश्वचषकात इंग्लंडने १७६ आणि दक्षिण आफ्रिकेने १९५ केल्या, तेव्हा थायलंडला अनुक्रमे ७८ आणि ८२ धावांवरच थांबावं लागलं.

वेगवान गोलंदाजीचं दुखणं याला जोडूनच येतं. बोलिंग मशीनवर हवा तेवढा वेग लावता येतो, पण चेंडू दर वेळी त्याच भोकातून येतो. धाव, उडी, मनगट आणि चेंडू सुटण्याची उंची पाहून टप्पा ओळखायला डोळे शिकतात ते माणसासमोरच. तशा वेगाच्या गोलंदाज रोजच्या सरावात नसतील तर वर्षातून चार-पाच सामन्यांत ही नजर तयार होत नाही.

नशिबाचा म्हटलेला पाकिस्तानवरचा विजय त्या ३७ धावांच्या चारच दिवस आधीचा आहे, त्याच मैदानावर, ६ ऑक्टोबरला. गोलंदाजांनी पाकिस्तानला २० षटकांत ५ बाद ११६ वर रोखलं. थायलंडच्या फिरकीपटू चेंडू हवेत संथ ठेवतात. चेंडूला स्वतःचा वेग नसला की सीमारेषेपार नेण्याची सगळी ताकद फलंदाजाला आपल्या मनगटातून काढावी लागते, आणि त्या खेळपट्टीवर ते अवघड होतं. उत्तरात चंथमने ५१ चेंडूंत ६१ केल्या. शेवटच्या षटकात १० धावा हव्या होत्या, त्या एक चेंडू राखून झाल्या. चुरशीच्या सामन्यात नशिबाचा वाटा असतोच. पण त्याच चंथमने मार्च २०२०मध्ये सिडनीच्या शोग्राउंडवर त्याच पाकिस्तानविरुद्ध ५६ धावा केल्या होत्या. बूचाथमबरोबर ९३ धावांची सलामी झाली होती आणि थायलंडच्या ३ बाद १५० झाल्या होत्या. पावसाने पाकिस्तानचा डाव सुरूच होऊ दिला नाही. दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या खेळपट्ट्यांवर एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर तीच फलंदाज उभी राहते, तेव्हा तिला त्या गोलंदाजीची नस सापडलेली असते. त्या सिल्हेटच्या स्पर्धेत तीन सामने जिंकून थायलंड उपांत्य फेरीत गेला आणि यजमान बांगलादेश बाहेर राहिला, हेही मजकुरात कुठे येत नाही.

१७ विजयांबाबत मात्र टीकाकारांचं बरंचसं खरं आहे. १ जुलै २०१८पासून आयसीसीच्या सगळ्या सदस्य देशांच्या महिला संघांच्या आपसातल्या टी-ट्वेंटी सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. थायलंडची मालिका त्याच महिन्यात सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९पर्यंत चालली. त्यात मोठ्या संघांविरुद्धचे सामने नव्हते. ऑस्ट्रेलियाचा १६ विजयांचा आधीचा विक्रम कोणाविरुद्ध झाला होता हे पाहता दोन्ही आकडे एका पट्टीने मोजू नयेत, हे आम्हालाही मान्य आहे. या संघाची लायकी सांगायला तो विक्रम पुढे करण्याची गरजही नाही. विश्वचषकाचं तिकीट त्यांना विक्रमाने दिलं नाही, पात्रता स्पर्धेने दिलं. २०१९मध्ये स्कॉटलंडला झालेल्या त्या स्पर्धेत त्यांनी आयर्लंडला हरवलं, उपांत्य फेरीत पापुआ न्यू गिनीला सहज मागे टाकलं आणि मग अंतिम सामन्यात बांगलादेशकडून मोठी हार पत्करली. त्याच वर्षी आयसीसीची उदयोन्मुख महिला खेळाडू म्हणून निवड झाली ती चनिदा सुत्थिरुआंगची.

राहिलं ‘संधी देऊनही’. या मुद्द्याचा आम्हाला सर्वांत जास्त राग येतो, कारण झालं आहे ते नेमकं उलटं. नोव्हेंबर २०२१मध्ये हरारेला एकदिवसीय विश्वचषकाची पात्रता स्पर्धा सुरू होती. थायलंडने झिम्बाब्वे, अमेरिका आणि बांगलादेश या तिघांना हरवलं होतं आणि गटात ते पहिले होते. २७ नोव्हेंबरला ओमायक्रॉनमुळे स्पर्धा रद्द झाली. उरलेल्या जागा क्रमवारीवरून द्यायचं ठरलं आणि बांगलादेश, पाकिस्तान व वेस्ट इंडीज विश्वचषकाला गेले. थायलंडला तेव्हा एकदिवसीय दर्जाच नव्हता, म्हणजे त्यांचे सामने अधिकृत एकदिवसीय सामने म्हणून धरले जात नव्हते, म्हणून क्रमवारीत त्यांचं नावच नव्हतं. मैदानावर मिळवलेले गुण कागदावर कुठेच लागले नाहीत. महिला अजिंक्यपद मालिकेतल्या दोन नव्या जागाही त्याच क्रमवारीने बांगलादेश आणि आयर्लंडला मिळाल्या.

त्या जागेची किंमत आकड्यांत सांगता येते. २०२२ ते २०२५च्या या मालिकेत दहा संघ होते. प्रत्येकाला आठ प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी तीन, म्हणजे २४ एकदिवसीय सामने हमखास. बाहेर राहिलेल्या थायलंडला या मालिकेतून एकही नाही. मग एप्रिल २०२५मध्ये लाहोरच्या पात्रता स्पर्धेत ते पाचही सामने हरले, बांगलादेशविरुद्ध तर १७८ धावांनी, आणि ‘बघा, संधी देऊनही’ म्हणायला लोक मोकळे झाले. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या बांगलादेशला त्यांनी हरवलं होतं, तो संघ मधल्या काळात भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांच्याशी तीन-तीन सामन्यांच्या मालिका खेळून आला होता. पन्नास षटकांत डाव कसा बांधायचा, २५व्या षटकानंतरसाठी गडी हातचे कसे राखायचे, हे नेट्समध्ये शिकता येत नाही.

एकदिवसीय दर्जा थायलंडला मिळाला तो मे २०२२मध्ये, हरारेनंतर सहा महिन्यांनी. त्यांचा पहिला एकदिवसीय सामना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेदरलँड्सविरुद्ध झाला. त्यात चंथमने शतक केलं आणि थायलंडने ती मालिका ४-० अशी जिंकली.