एकेरीची एकेरी वाहतूक

मराठी समाजमाध्यमांवर दोन वाद आलटूनपालटून पेटतात. पहिला असा की आपल्या लोकांना ‘प्लीज’, ‘थँक्यू’ म्हणायला जड जातं, परदेशात बघा लोक कसे नम्र असतात. दुसरा असा की हल्लीच्या मुली नवऱ्याला ‘अरे’ म्हणतात, मुलं बापाला ‘तू’ म्हणतात, संस्कार गेले कुठे. त्यावर लगेच उत्तर येतं की देवालाही आपण एकेरीतच हाक मारतो, मग नवऱ्याचं काय घेऊन बसलात. पहिल्या वादात आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना साक्षीदार म्हणून उभं केलं जातं. मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहते, तिथल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. माझी साक्ष बोलावणाऱ्यांना फारशी सोयीची नाही.

या वादातला ‘परदेश’ म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजी बोलणारा परदेश असतो. स्वीडिशमध्ये ‘प्लीज’च्या जागी रोज सहज वापरावा असा शब्दच नाही. ‘स्नेल्ला’ आहे, पण तो विनवणीचा, लाडीगोडीचा. दुकानात कोणी तो म्हणत नाही. मुलाला दूध हवं असेल तर ते विचारतं, ‘मला दूध मिळेल का?’ विषय संपला. नम्रता त्या ‘मिळेल का’मध्ये आली. आभार मात्र उठताबसता मानतात : जेवणाबद्दल, आजच्या दिवसाबद्दल, आणि मागच्या वेळी भेटलो होतो त्याबद्दल पुढच्या भेटीत आठवणीनं. म्हणजे इंग्रजांच्या तराजूत स्वीडिश माणूस एका पारड्यात उद्धट आणि दुसऱ्यात अतिनम्र ठरेल. तराजूच चुकीचा आहे, हे इथं राहिल्यावर कळतं.

मराठीचंही तेच आहे. ‘दार लाव’ हा हुकूम. ‘दार लावतोस का’, ‘जरा दार लावशील?’, ‘तेवढं दार लाव ना’, ‘दार लावून घ्यायचं का?’ या चौघांत ‘कृपया’ कुठेच नाही, आणि चारही हुकमापेक्षा मऊ आहेत. ‘जरा’ म्हटलं की काम लहान होतं. ‘तेवढं’ म्हटलं की ते शेवटचं असल्यासारखं वाटतं. ‘घ्यायचं का’ म्हटलं की दार दोघांचं होतं. ‘कृपया’ आपण पाट्यांना आणि रेल्वेच्या घोषणांना देऊन टाकलंय. घरात कोणी ‘कृपया मीठ द्या’ म्हणालं तर समजावं की सकाळी काहीतरी बिनसलंय.

आभारांबद्दल तर हाती पुरावा आहे. २०१८ साली भाषा-अभ्यासक सिमियन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ भाषांमधल्या घरगुती, ओळखीपाळखीच्या संभाषणांची ध्वनिचित्रमुद्रणं तपासली. कोणी काही मागितलं आणि समोरच्यानं ते दिलं, अशा प्रसंगांत शब्दांनी आभार किती वेळा मानले गेले? सरासरी विसात एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे सर्वांत पुढे, तरी तेही सातात एकदाच. इक्वाडोरमधल्या चापला भाषेच्या नोंदींत एकदाही नाही. आणि तरीही सगळीकडे लोक एकमेकांची कामं करत होते, नकारापेक्षा होकार कितीतरी जास्त होते. माणसं आभारांविना कृतघ्न होत नाहीत; ओळखीच्या माणसाकडून मीठ मिळणं ही गृहीत धरायची गोष्ट आहे, एवढंच. तेव्हा ‘मराठी माणूस थँक्यू म्हणत नाही’ हा आरोप माझ्या लेखी निकाली निघाला. इंग्रजसुद्धा घरात फारसा म्हणत नाही. तो दुकानात म्हणतो, आणि पर्यटकाला दुकानच दिसतं.

बोलणं म्हणजे नुसती माहिती देणं नव्हे, करणं आहे, हे ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञानं १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडलं. ‘शब्द देतो’ म्हणताना आपण वचनाचं वर्णन करत नाही, वचन देतो. पुढे सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञानं दाखवलं की बरीचशी कामं आपण आडून करतो : ‘गरम होतंय, नाही?’ हे हवामानाचं निवेदन नसून खिडकी उघडण्याची विनंती असते. आडून का? याचं गाजलेलं उत्तर पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांचं. तमिळ, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि इंग्रजी अशा एकमेकींपासून दूरच्या तीन भाषा घेऊन त्यांनी म्हटलं की प्रत्येक मागणीनं समोरच्याच्या प्रतिष्ठेला थोडा धक्का बसतो, आणि तो किती हे तीन गोष्टींवर ठरतं : दोघांतलं अंतर, कोणाची कोणावर सत्ता, आणि मागणीचं वजन. म्हणून मीठ मागायला दोन शब्द पुरतात आणि उसने पैसे मागायला आधी पावसापाण्याच्या गप्पा लागतात.

यावर जपानी भाषाशास्त्रज्ञ साचिको इदे यांनी १९८९ साली घेतलेला आक्षेप मला मराठीसाठी फार मोलाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं की काही भाषांत नम्रता ही बोलणाऱ्याची चलाखी नसतेच. समाजानं दोघांना नेमून दिलेल्या जागा क्रियापदातून बोलाव्याच लागतात. मराठीत ‘आलास’ आणि ‘आलात’ यांच्या मधे उभं राहायला जागा नाही. इंग्रजीतला ‘यू’ हा प्रश्न टाळू देतो, आपली क्रियापदं टाळू देत नाहीत. तोंड उघडलं की समोरच्याची पायरी ठरली. म्हणूनच प्लीजच्या वादापेक्षा अरेतुरेचा वाद खरा आहे. फक्त तो चुकीच्या माणसांबद्दल चालू आहे.

स्वीडननं हा वाद एका पिढीत मिटवला, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. साठच्या दशकापर्यंत स्वीडिश माणूस परक्याशी बोलताना हुद्दा लावून तृतीय पुरुषात बोलायचा. समोर बसलेल्या डॉक्टरलाच ‘डॉक्टर कॉफी घेतील का?’ हुद्दा माहीत नसला की पंचाईत. मग कर्ताच गाळायचा : ‘काय हवं होतं?’, ‘कॉफी चालेल?’ आपल्याकडे आज्या नवऱ्याला ‘ऐकलं का’ म्हणायच्या, किंवा अनोळखी माणसाला आपण ‘कुठं निघणं झालं?’ विचारतो, त्याच जातीची ही पळवाट. ‘नी’ हे आपल्या ‘तुम्ही’सारखं दिसणारं सर्वनाम होतं, पण ते बरेचदा वरच्यानं हुद्दा नसलेल्या खालच्याला वापरायचं, आणि खालच्यानं उत्तर मात्र हुद्द्यानंच द्यायचं. १९६७ साली ब्रूर रेक्सेद यांनी देशाच्या वैद्यकीय मंडळाची सूत्रं हाती घेतली आणि जाहीर केलं की मी सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार, त्यांनीही मला नावानं हाक मारावी. (हेच ते रेक्सेद, ज्यांच्या नावानं मज्जारज्जूतले दहा थर ओळखले जातात. ते थर महाराष्ट्रात शिकताना मी घोकले होते. त्यांचं हे दुसरं काम इथं आल्यावर कळलं.) वारं आधीच फिरलं होतं, त्यांच्या नावावर ते जमा झालं. काही वर्षांत ‘दू’ सर्वत्र झालं. राजघराणं तेवढं आजही अपवाद.

यातली कळीची गोष्ट अशी की सुरुवात वरच्या माणसानं केली आणि त्याच वाक्यात स्वतःसाठीही तेच मागितलं. आमच्या वॉर्डात सफाईचं काम करणारी बाई विभागप्रमुखाला नावानं हाक मारते आणि ‘आत्ता इथून नको, फरशी ओली आहे, पलीकडून जा’ म्हणते. तो पलीकडून जातो.

स्वीडनचे गोडवे गायचे नाहीत, म्हणून हेही सांगते. ‘दू’नं सत्ता गेली नाही, ती मऊ कपडे घालून बसली. ‘तुला वेळ मिळाला तर यावर एक नजर टाकशील का?’ असं वरिष्ठ म्हणाला तर तो प्रश्न नसतो. नव्यानं आलेल्या मराठी मुलांना मी हेच आधी सांगते : वेळ काढा, शुक्रवारपर्यंत. उलट बैठकीत सगळे गप्प राहिले तर तो होकार समजू नका. नकार उशिरा आणि आढेवेढे घेत येतो, हे जगभर सारखंच आहे. दहा भाषांच्या २००९ सालच्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. त्याहून जास्त शांतता लांबली की ऐकणारा नकाराची तयारी करतो. मराठीतलं ‘बघू’, ‘सांगतो तुला’ हे त्या लांबलेल्या शांततेचंच बोलकं रूप.

पण आढेवेढे घेण्याचीही चैन लागते. ती सगळ्यांना परवडत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात जा. वॉर्डबॉय म्हणजे ‘मामा’, आया म्हणजे ‘मावशी’. नाती किती गोड. आणि मग चोवीस वर्षांची डॉक्टर पन्नाशीतल्या माणसाला म्हणते, ‘मामा, ट्रॉली आण.’ काहीजण ‘आणा’ म्हणतात, हे मान्य. पण ‘आण’ म्हटलं म्हणून कोणी चमकत नाही. मामा ‘बघू’ म्हणू शकत नाहीत. ते ‘आणतो मॅडम’ म्हणतात. मी जिथं शिकले तिथं ओपीडीत तर कपडे पाहून क्रियापद बदलायचं. इस्त्रीच्या शर्टाला ‘बोला, काय त्रास होतोय?’, धोतराला ‘काय होतंय तुला? कधीपासून?’ धोतरवाले वयानं दुप्पट असायचे. ब्राउन आणि लेव्हिन्सन यांचं गणित इथं उघडं पडतं : अंतर तेवढंच, मागणी तीच, फक्त सत्तेचा आकडा बदलला की आदर गळाला.

घरोघरच्या ‘मावशी’ची कथा वेगळी नाही. ‘आमच्याकडे मोकळं वातावरण आहे, आम्ही सगळ्यांनाच अरेतुरे करतो’ असं अभिमानानं सांगणाऱ्यांना एवढंच विचारावं की मावशी तुम्हाला काय म्हणतात. ‘ताई, तुम्ही’ म्हणत असतील तर ते मोकळं वातावरण नव्हे, एकेरी वाहतूक आहे. मालवणीत नातू आजीला ‘तू’ म्हणतो, आणि आजी नातवालाही ‘तू’च म्हणते, त्यात कमीपणा नाही, कारण रस्ता दोन्हीकडून खुला आहे. नवरा-बायको एकमेकांना ‘अरे’, ‘अगं’ म्हणत असतील तर तेही दुहेरीच झालं, मग बाकीच्यांनी त्यात पडायचं कारण नाही. मुलीनं बाबांना ‘तू’ म्हटल्यावर जे अस्वस्थ होतात, त्यातले किती जण रिक्षावाल्याला ‘ए, थांब’ म्हणताना अस्वस्थ होतात?

स्वीडनची वाट आपल्याला चालणार नाही असं माझं मत आहे. सगळ्यांना ‘तू’ करायचं ठरवलं तर वरचे खालच्यांना ते आजच म्हणताहेत, आणि खालचे वरच्यांना उद्याही म्हणणार नाहीत. बदल होईल तो फक्त वरच्यांच्या आपापसातल्या बोलण्यात. आपल्याला उलटी दिशा हवी : परका प्रौढ माणूस, पगार कितीही असो, तो ‘तुम्ही’. घरातलं घरात बघा. यावर एक उत्तर नेहमी मिळतं की वॉर्डातल्या मामांनाच ‘अहो’ म्हटलं की अवघडल्यासारखं होतं. होणारच. इथंही सध्या दुकानातली तरुण मुलं ग्राहकांना पुन्हा ‘नी’ म्हणू लागली आहेत, आदर म्हणून, आणि बरेच म्हातारे त्यावर चिडतात, कारण त्यांच्या आठवणीतलं ‘नी’ वरून खाली आलेलं असतं. ऐकणाऱ्याला अवघडायला होतं ते आजवर काय ऐकलं त्यामुळे. सहा महिने सगळ्यांनी ‘आणा’ म्हटलं तर मामांना सवय होईल.

भारतातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीत रुग्णाशी आदरानं बोलावं एवढं सांगून भागतं, कारण तिथं सर्वनाम एकच. मराठी वॉर्डात प्रश्न पहिल्याच क्रियापदाला येतो, आणि त्याचं उत्तर वर्गात कोणी देत नाही. विद्यार्थी ते राऊंडला शिकतात, सर कुठल्या खाटेजवळ ‘झोप’ म्हणतात आणि कुठल्या खाटेजवळ ‘झोपा’, ते मागे उभं राहून ऐकत.