साडेचार तास झोपेच्या मेसेजबद्दल, चूक माझी पण आहे

भो, तो ९० मिनिटांवाला मेसेज परत फिरतोय, की झोप दीड-दीड तासाच्या हिशोबात मोजा, साडेचार तासाला उठलात तर ७ तास झोपणाऱ्यापेक्षा फ्रेश राहाल. मागच्या महिन्यात मीच तो आपल्या ग्रुपवर टाकला होता म्हणून हा खुलासा.

झोपेचे हलकी, गाढ, स्वप्नांची असे टप्पे असतात आणि त्यांचं चक्र रात्रभर फिरत राहतं हे खरंय, पण एका चक्राची ९० मिनिटं ही फक्त सरासरी. कोणाचं चक्र ७० चं कोणाचं १२० चं, आणि एकाच रात्रीत पण ते बदलतं, त्यामुळे अलार्म बरोबर चक्र संपतं तिथे लावणं घरी बसून जमत नाही. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या सुरुवातीला येते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे, म्हणजे साडेचार तासाला उठलं की पहाटेची झोप बरीचशी कापली जाते. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड होतं ते साधारण अर्ध्या तासात, कधी तासाभरात उतरतं, कमी झोपेची तूट मात्र तशी उतरत नाही.

अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१५ मध्ये मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास सांगितलेत. रावेर-यावलकडे केळीला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटीवर जागणाऱ्यांनी तर हा मेसेज अजिबात धरू नका, दुपारी झोप काढा. रोज उठायची वेळ एकच ठेवली तर फरक पडतो, एवढं खरं.

जुना मेसेज मी डिलीट केलाय, तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथे हा टाका.