वर्तुळाकार बसमार्गाची जनसुनावणी निर्विघ्न कशी पार पाडावी

शहरात वर्तुळाकार बसमार्ग आखण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. या कामात रस्ते, गाड्या आणि पैसा यांच्या अडचणी येतात असा एक गैरसमज आहे. खरी अडचण प्रवाशांची असते, कारण त्यांना आपण कुठून कुठे जातो हे ठाऊक असते आणि संधी मिळाली तर ते सांगूही लागतात. अशी संधी न देता त्यांचे मत कसे घ्यावे, हे मला गेल्या महिन्यात ठाण्यातील एका जनसुनावणीत शिकायला मिळाले. ती विद्या स्वतःपुरती ठेवणे बरे नव्हे, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात जाहीर सूचनेपासून करावी. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकती व सूचनांसाठी तीस दिवस द्यावे लागतात. बसमार्ग म्हणजे काही विकास आराखडा नव्हे, तेव्हा सहा दिवस पुष्कळ झाले. सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानावर, गहाळ झालेल्या भागप्रमाणपत्राची जाहिरात आणि नालेसफाईची निविदा यांच्या मधोमध छापावी. बसथांब्यावर ती चिकटवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तिथे ती बसची वाट पाहणारी माणसे वाचतात आणि त्यांच्याकडे वाचायला भरपूर वेळ असतो.

सुनावणीसाठी मंगळवार, सकाळी साडेअकरा ही वेळ उत्तम.

स्थळ निवडताना मात्र थोडा विचार करावा. शहराच्या ज्या दोन टोकांना हा मार्ग जोडणार आहे, त्यांपैकी एका टोकाला सभागृह घ्यावे, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या माणसाला तिथे पोहोचणे हीच मार्गाची गरज सिद्ध करणारी परीक्षा ठरते. मी कोलशेतला राहतो आणि सुनावणी वागळे इस्टेटच्या बाजूला होती. अंतर जेमतेम आठ किलोमीटरचे आहे, पण आपल्या शहरातील बहुतेक बसगाड्या माहेरच्या ओढीने स्टेशनकडे धावतात आणि तिथूनच परत फिरतात. त्यामुळे मी आधी शेअर रिक्षाने कापूरबावडी गाठली, तिथून बसने सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या उन्नत बसस्थानकावर गेलो, दुसरी बस पकडून आल्या वाटेने अर्धे अंतर उलट आलो आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलला बसल्या बसल्या घरून आणलेली हरकत दोनदा वाचून काढली. एक तास वीस मिनिटे लागली. आडवा मार्ग का हवा, याविषयी मी लिहिलेल्या दोन पानांपेक्षा तो प्रवास अधिक बोलका होता, परंतु इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

नकाशा काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत द्यावा आणि पोखरण रस्ता क्रमांक एक व दोन यांची अदलाबदल करून टाकावी, म्हणजे पहिली वीस मिनिटे त्यावरच खर्ची पडतात.

यानंतर सादरीकरण. त्यात परदेशी शहरांची छायाचित्रे घालावीत, फक्त त्या शहरांना काय अनुभव आला ते सांगू नये. आमच्यासमोर बर्मिंगहॅमच्या अकरा क्रमांकाच्या बसचे चित्र आले. १९२६ पासून सुमारे बेचाळीस किलोमीटरचे पूर्ण वर्तुळ फिरणारी ती बस खरोखरच प्रसिद्ध होती. मात्र उशीर आवरता आवरत नाही म्हणून त्या वर्तुळाचेही अखेर तुकडे करावे लागले, हे सल्लागार महोदयांच्या चित्राखाली लिहिलेले नव्हते. इतक्या लांब जायचे नसेल तर दिल्लीची मुद्रिका ही वर्तुळाकार बससेवा जवळ होती. पण तिचे प्रवासी हिंदीत बोलतात आणि त्यांचे म्हणणे इथे सर्वांना समजते, हा धोका असावा.

आता मुख्य कसब सांगतो. मार्ग मोठा दाखवावा आणि गाड्या कमी. आमच्या फलकावर ‘दर दहा मिनिटांनी बस’ असे ठळक अक्षरांत होते. मार्ग होता वागळे इस्टेट, लोकमान्य नगर, वर्तक नगर, पोखरण, मानपाडा, कोलशेत, ढोकाळी, बाळकुम, कापूरबावडी, माजिवडा, नितीन कंपनी आणि परत वागळे, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरचे वर्तुळ. गर्दीच्या वेळी ताशी बारा किलोमीटरचा वेग मिळाला तरी आपण देवाचे आभार मानतो. त्या वेगाने एक फेरी शंभर मिनिटांची होते. चालक-वाहकांच्या विसाव्याची आणि वाहतूक कोंडीची वीस मिनिटे धरली की झाले दोन तास. दोन तासांच्या फेरीत दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर एका दिशेला बारा गाड्या लागतात आणि दोन्ही दिशांना मिळून चोवीस. प्रस्तावात गाड्या होत्या सहा. सहा! म्हणजे एका दिशेला तीन आणि दोन गाड्यांत चाळीस मिनिटांचे अंतर, तेही सगळे सुरळीत चालले तर. हे गणित मी उभे राहून सांगितले. त्यासाठी सल्लागार लागत नाही, इयत्ता पाचवीचा विद्यार्थी पुरतो. त्यावर मंचावरून अत्यंत सौम्यपणे उत्तर आले, “काका, ते दहा मिनिटे उद्दिष्ट आहे.”

ठीक आहे, उद्दिष्ट तर उद्दिष्ट. मी पुढचा प्रश्न विचारला की वर्तुळाला शेवट कुठे आहे? साध्या मार्गाला दोन टोके असतात. गाडी उशिरा पोहोचली तर टोकाला थांबण्याचा वेळ कमी करून पुढची फेरी वेळेवर सोडता येते. वर्तुळाला टोकच नसल्यामुळे सकाळी आठ वाजता मानपाड्याला झालेला उशीर दुपारपर्यंत गाडीबरोबर फिरत राहतो. उशिराच्या गाडीला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसे मिळतात, ती चढता-उतरताना तिला आणखी उशीर होतो, मागची गाडी मोकळीच असल्याने तिला येऊन गाठते, आणि मग चाळीस मिनिटे वाट पाहिलेल्या माणसासमोर दोन गाड्या जोडीने येतात व पुढची सव्वा तास येत नाही. यासाठी वर्तुळावर एक-दोन ठिकाणी वेळ जुळवून घेण्याचे थांबे ठेवावे लागतात. तिथे गाडी उभी करायला जागा लागते, आणि ज्या चालक-वाहकांना दोन तास सलग फिरवणार आहात त्यांच्यासाठी चहाची टपरी नसली तरी निदान एक स्वच्छतागृह लागते. तुमच्या नकाशावर ते कुठे आहे, असे मी विचारले. सभागृहात मागे बसलेले दोन वाहक हसले. मंचावर कोणी हसले नाही आणि कोणी लिहूनही घेतले नाही.

अशा प्रश्नांवर रामबाण उपाय म्हणजे मेट्रो. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. मार्ग २९ किलोमीटरचा, स्थानके २२, खर्च बारा हजार कोटींहून अधिक आणि पूर्ण होण्याचे वर्ष २०२९. बसविषयी कोणी काही विचारले की हे आकडे एका दमात म्हणावेत. २०२९ पर्यंत नोकरी करायचीच नाही, असे ज्यांनी ठरवले आहे त्यांचे समाधान होते. घोडबंदर रस्त्यावरच्या खांबांखालून रोज जाणाऱ्यांना मेट्रोच्या तारखांविषयी मी वेगळे काही सांगायला नको.

अभिप्रायाचा अर्ज छापताना महत्त्वाच्या बाबी वगळाव्यात. आमच्या अर्जात तीन प्रश्न होते: सेवेला कोणते नाव द्यावे, गाडीचा रंग कोणता असावा, आणि ही सेवा आपणास उपयुक्त वाटेल काय. तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ आणि ‘काही प्रमाणात होय’ असे दोन पर्याय होते. पहिली बस किती वाजता सुटावी, थांबा पुलाच्या अलीकडे हवा की पलीकडे, गाडी बदलली तर तिकीट पुन्हा काढावे लागेल का, यांपैकी काहीही विचारलेले नव्हते. सूचनांसाठी तळाशी एक ओळ होती आणि तीत कंसात ‘थोडक्यात’ असे लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी कोलशेतच्या थांब्यावर उभा होतो. वागळे इस्टेटमधल्या एका उपाहारगृहात पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी तिथे मला नेहमी भेटतात. हातात वायरची पिशवी, पिशवीत डबा आणि छत्री. मी त्यांना विचारले, “मावशी, काल सुनावणी होती, तुम्ही आला नाहीत?”

“कसली सुनावणी, दादा?” त्या म्हणाल्या. “मंगळवारी दुपारी? अर्ध्या दिवसाचा खाडा पडला असता माझा.”

मी त्यांना नवा मार्ग समजावून सांगितला. त्यांनी एकच विचारले, “पहिली बस कितीला?” प्रस्तावात पहिली बस साडेसातची होती. “मी सातला कामावर हजर लागते,” एवढे बोलून त्या शेअर रिक्षात चौथ्या म्हणून बसल्या आणि निघून गेल्या. अडीच तासांच्या सभेत जे निघाले नाही ते या बाईने रिक्षा येईपर्यंतच्या दोन मिनिटांत सांगितले, आणि तिला विचारायला तुमचा एकही माणूस कधी त्या थांब्यावर फिरकला नाही.

कोणाला सल्ला देतो आहे मी? तुम्हाला हे सगळे आधीच येते. तुम्ही आमचे मत घेतले नाही. मार्ग ठरला होता, गाड्यांची संख्या ठरली होती, पहिली बस साडेसातची हेही ठरले होते. आम्हाला बोलावले ते फाइलमध्ये एक कागद कमी पडत होता म्हणून. एवढे करूनही तुम्हाला लाज वाटली नाही, कारण परवा सुनावणीचे इतिवृत्त माझ्या हाती पडले आणि त्यात ‘उपस्थित नागरिकांनी प्रस्तावास सहमती दर्शविली, सोबत स्वाक्षऱ्या जोडल्या आहेत’ असे वाक्य आहे. त्या स्वाक्षऱ्या दारात टेबलावर, सुतळीने बांधलेल्या निळ्या पेनाने, हजेरीच्या वहीत केलेल्या आहेत. त्या पानावर वरच्या बाजूला ‘उपस्थिती’ असा शब्द होता. जोडलेल्या प्रतीत तो शब्द नेमका छायाप्रतीच्या बाहेर गेला आहे. गणित मांडणाऱ्याची, वेळ चुकीची आहे असे सांगणाऱ्याची आणि मागे बसून हसलेल्या दोघा वाहकांची सही तुम्ही होकार म्हणून लावलीत. हा निष्काळजीपणा नव्हे. ही लबाडी आहे, आणि ती सरकारी कागदावर केलेली आहे.

अनुक्रमांक चौदा ही माझी सही आहे. ती मी आलो होतो एवढेच सांगते. ती काढून टाका, माझी दोन पानांची हरकत इतिवृत्ताला जोडा, त्यावर आवक क्रमांक घाला आणि पहिली बस सकाळी सहाला सोडा.