पणजोबांचा जिल्हा कोणता?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे ब्रिटनमध्ये गावोगावच्या युद्धस्मारकांपुढे लोक जमतात, नावं वाचली जातात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मात्र बातमी येते ती फलक मराठीत की कन्नडमध्ये याची. भाषेचा हक्क सोडावा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण पलटणीत गेलेल्या पणजोबांचं नाव घरच्या ट्रंकेतच पुसट होतंय, त्याची घाई जास्त आहे.

सुरुवात पदकापासून करा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते. दसऱ्याला चिंच-राखेने घासलं की आधी हीच अक्षरं झिजतात. पदक तिरप्या उजेडात धरून फोटो घ्या. नुसत्या नंबरावर भागत नाही. तेव्हा प्रत्येक पलटण आपापले नंबर देई, म्हणून एकच नंबर दोन पलटणींतल्या दोघांचा निघतो. त्यात १९२२ साली पलटणींची नावं बदलली: १०३ वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी, ११४ वी दहावी. त्यामुळे १९१५-१६ साली इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडलेल्या ११० व्या पलटणीचा जवान आजच्या 'मराठा लाइट इन्फंट्री' या नावाखाली शोधला तर मिळत नाही.

युद्धात कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तिथे 'मराठा'चं स्पेलिंग जुन्या वळणाचं, 'महरट्टा' असं आहे, आणि आडनाव पुष्कळदा नसतंच. वडिलांचं नाव आणि गाव जुळवत जा. जिल्हा पाहताना खास जपा: चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात. आपण जिच्यावरून भांडतो ती रेषा या कागदांत नाहीच.

जे परतले, त्यांच्यासाठी डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, हाच आधार. स्वातंत्र्यानंतरच्या नोकरीच्या नोंदींसाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्याच रेकॉर्ड ऑफिसला लिहा. अर्जात नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, निवृत्तीचं साल आणि तुमचं नातं स्पष्ट हवं.

बुक लॅमिनेट मात्र करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही, कागद घेऊनच निघतं. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरं वाटलं तरी. उंची आणि अंगावरच्या खुणांची नोंद त्यातच असते: गालावर तीळ, कपाळावर जुना व्रण. ज्या घरात पणजोबांचा एकही फोटो नाही, तिथे त्यांच्या चेहऱ्याबद्दल उरलेली ती एकच ओळ असते.