रात्री उशिरा जेवलं की वजन वाढतं? आधी घरात उशिरा कोण जेवतं ते बघा

‘संध्याकाळी सातनंतर काही खाऊ नका, वजन आपोआप उतरेल.’ हा सल्ला सध्या नाशकात ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ऐकू येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, हळदी-कुंकवाला गेलं तरी तोच विषय. मला यावर मनापासून लिहायचंय, कारण आमच्या सिडकोतल्या कित्येक घरांना सातला जेवणं शक्यच नाही, आणि ती माणसं वाढलेल्या वजनासाठी उगाच स्वतःला दोष देत बसतात.

सरळ उत्तर आधी देते. जेवणाच्या वेळेचा शरीरावर परिणाम होतो. पण सात वाजून गेले की पोटात गेलेल्या प्रत्येक घासाची चरबी होते, हे खरं नाही.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेली १६ माणसं. जेवण तेच आणि तेवढंच, फक्त एकदा लवकर दिलं आणि एकदा सुमारे चार तास उशिरा. उशिरा जेवले तेव्हा त्यांना भूक जास्त लागली, पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन कमी झालं, आणि जागेपणी शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती साधारण ५ टक्क्यांनी घटली. हे वाचून कुणीही म्हणेल, झालं, सिद्ध झालं. पण त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा अभ्यास आला. तिथे ३० जणांना चार आठवडे सकाळी भरपूर आणि रात्री थोडं, मग चार आठवडे उलट, असं मोजून खायला घातलं. एकूण कॅलरी सारख्या होत्या. वजन दोन्ही वेळा जवळपास तेवढंच उतरलं. फरक पडला तो भुकेत. सकाळी पोटभर खाल्लं तेव्हा दिवसभर भूक कमी होती.

दोन्ही एकत्र वाचल्यावर माझं मत पक्कं झालं. उशिराच्या जेवणाचा खरा त्रास हा की ते भूक चाळवतं. मोजून वाढणारा संशोधक समोर नसला की आपण जास्त खातो. आणि रात्री जास्तीचं जे खातो ते पालेभाजी-भाकरी नसतं. जेवून तास-दीड तास झाला, टीव्ही चालू आहे, हातात मोबाईल आहे, अशा वेळी डब्यातून चिवडा निघतो. तळलेल्या चिवड्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५०० कॅलरी असतात. दोन मुठी म्हणजे दीडशेच्या आसपास, आणि त्या कुणी जेवणात धरत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदा जेवायला सांगतात, त्यात घड्याळातली ठरावीक वेळ नाहीच. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका आणि मधे काही खाऊ नका, असं ते सांगतात. माझ्या ओळखीत ज्यांना त्याचा फायदा झाला, त्यांचं हे मधलं खाणं बंद झालं, हेच मला त्यातलं मोठं कारण वाटतं.

मधुमेह असलेल्यांनी मात्र वेळेकडे जास्त लक्ष द्यावं. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन वाढू लागतं. त्याने झोप येते, आणि इन्शुलिनचा स्राव कमी होतो. स्पेनमध्ये ८४५ जणांना तेच साखरेचं पाणी झोपेच्या चार तास आधी आणि एक तास आधी देऊन पाहिलं, तर झोपेच्या तोंडावर घेतल्यावर रक्तातली साखर जास्त चढली. पण इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर माझ्या पोस्टवरून किंवा कुणाच्या फॉरवर्डवरून जेवण पुढे-मागे करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आता नाशकात उशिरा जेवतं कोण? सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सेकंड शिफ्टवाले. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अप-डाऊन करणारे, जे रात्री दहाच्या सुमाराला नाशिकरोडला उतरतात आणि तिथून पुढे घर गाठतात. निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी, ज्यांच्याकडे आठवडा-आठवडा रात्रीची लाईट असते आणि थंडीत पाणी द्यायला मळ्यात जावं लागतं. यांना ‘सूर्यास्तापूर्वी जेवा’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. डिसेंबरात नाशकात सूर्य सहाच्या आसपासच मावळतो.

माझे मिस्टर सेकंड शिफ्टला असतात. पूर्वी दुपारी निघताना घाईत दोन पोळ्या, संध्याकाळी कॅन्टीनमध्ये थोडं काहीतरी, आणि मध्यरात्री घरी आल्यावर पोटभर जेवण, लगेच झोप. छातीत जळजळ रोजची. जेवायची वेळ बदलणं आमच्या हातात नव्हतं, म्हणून आम्ही जेवणाचा आकार बदलला. आता दुपारी एकला भाजी, वरण, भाकरी, काकडी असं पूर्ण जेवण घरी होतं. कॅन्टीनमधलं वरण-भात ते टाळत नाहीत. रात्री आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी किंवा नुसतं ताक. जळजळ गेली, कमरेचा पट्टा आत सरकला. आमच्या घरापुरतं सांगते, याला पुरावा म्हणत नाही. पण शिफ्टवाल्यांना खरंच जमेल असा उपाय हाच आहे: मोठं जेवण दिवसा, रात्री फक्त भूक भागेल एवढं.

आणि कंपन्यांनी सेकंड शिफ्टचं जेवण नीट, गरम आणि शक्य तितक्या लवकरच्या ब्रेकला द्यावं. तिथं माणूस पोटभर जेवला तर घरी येऊन दुसऱ्यांदा ताट घेणार नाही.

सगळ्यात शेवटी जेवणारी एक व्यक्ती प्रत्येक गल्लीत आहे आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. घरातली बाई. सासू-सासऱ्यांना साडेसातला, मुलांना क्लासवरून आल्यावर, नवऱ्याला तो येईल तेव्हा. प्रत्येकाला तव्यावरची गरम पोळी. मग ओटा आवरून ती साडेदहा-अकराला बसते. तोवर भूक मरून गेलेली असते, किंवा इतकी भडकलेली असते की ताटात काय आणि किती घेतोय याचं भान राहत नाही. पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही म्हणून तो खायचा, मुलानं अर्धी सोडलेली पोळी खायची. चाळिशीनंतर तिचं वजन वाढलं की सगळं घर तिला सांगतं, तू चालायला जात नाहीस. ती कधी जेवते हे आधी कुणी विचारावं ना!

आमच्या ओळखीच्या जैन घरांमध्ये चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. ते अहिंसेसाठी घेतलेलं व्रत आहे, त्याला वजन उतरवण्याची युक्ती म्हणणं मला बरं वाटत नाही. पण त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्या घरात सगळेच पाळतात तिथे स्वयंपाकघर सगळ्यांसाठी एकदमच बंद होतं, त्यामुळे बाईसुद्धा वेळेवर जेवते. एकट्या बाईनं ‘मी आता सातला जेवणार’ ठरवून पाहा, दोन दिवसांत तिचं ताट पुन्हा शेवटी जातं, कारण बाकीच्यांच्या वेळा हललेल्याच नसतात.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की सात वाजताचा हट्ट सोडून घरानं गरम पोळीचा हट्ट सोडावा. आमच्याकडे आठच्या आत पोळ्या करून डब्यात जातात आणि जे घरी असतील ते सगळे एकत्र बसतात, मीही त्यांच्याबरोबर. जो उशिरा येतो तो हात-पाय धुऊन स्वतः वाढून घेतो आणि आपलं ताट घासून ठेवतो.