फिकट सिगार सौम्य असतो असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात भाच्यानं एक मेसेज पाठवला, वर लिहिलेलं "मामा वाच ना, मला पहिला सिगार घ्यायचाय". नवख्यांनी सिगार कसा निवडायचा यावरचा तो मेसेज माझ्याकडं आधीच दोन-तीन ग्रुपवर फिरून आलेला. म्हणणं थोडक्यात असं, की फिकट रंगाचा घ्या, तो सौम्य असतो. छोटा घ्या, तो कमी लागतो. धूर छातीत घ्यायचा नसतो म्हणून सिगरेटसारखा धोका नाही. वरून खाली सगळं पानच, म्हणजे नॅचरल. आणि घेतलेले सिगार फ्रीजमधे ठेवा. भाचा बावीस वर्षांचा आहे, त्याला नुसतं "नको" म्हणून भागत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, बाकीच्यांनी पण वाचावं.

आधी रंग. माझ्या आईनं सोलापुरात, पूर्व भागात, तीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, भिजवून मऊ केलेलं तेंदूपान कात्रीनं मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू टाकून वळायचं, टोक दुमडून दोरा गुंडाळायचा, हजार झाल्याशिवाय उठायची नाही. बिडी कडक आहे का हलकी हे तिनं पानाच्या रंगावरून कधी सांगितलं नाही, ते आत कुठला तंबाखू भरलाय त्यावर. सिगारचं वरचं पान तंबाखूचंच असतं त्यामुळं चवीत त्याचा वाटा मोठा, हे खरं, पण कडकपणा मुख्यतः आतल्या भरणीवर ठरतो. भरणीत झाडाच्या शेंड्याकडची पानं असतात त्यांना लिगेरो म्हणतात, त्यांना ऊन जास्त मिळतं, ती जाड आणि कडक. खालची पानं हलकी. कनेक्टिकट शेड नावाचं फिकट पान कापडाच्या सावलीत वाढवतात म्हणून पातळ आणि फिकट होतं, आणि मॅडुरो नावाचं पान काळपट दिसतं ते जास्त दिवस मुरवल्यामुळं, उलट चवीला गोडसर लागतं. म्हणजे फिकट पानाच्या आत लिगेरो ठासून भरलेलं असू शकतं आणि काळ्या पानाच्या आत हलकं. रंग बघून काही कळत नाही, दुकानदाराला आतली भरणी विचारावी लागते.

हे मला अंगावर आल्यावर कळलं. मित्रानं दुबईहून आणलेला, फिकट, बोटाएवढा सिगार, होटगी रोडला एका शेतात संध्याकाळी बसलो होतो, दुपारपासून पोटात चिवड्याशिवाय काही नाही. मेसेजमधे सांगितलंय तसंच सगळं केलं बघा, फिकट, छोटा, आणि धूर एकदाही छातीत घेतला नाही. अर्ध्यावर आलो आणि कपाळावर गार घाम, हात थरथरायला लागले, बांधावर जाऊन उलटी केली आणि तिथंच अर्धा तास पडून राहिलो. दारूचा थेंब नव्हता. ते निकोटिन होतं.

मग छातीत न घेता ते अंगात गेलं कसं? याचं उत्तर आपल्याकडं प्रत्येक चौकात तळहातावर मळलं जातं. तंबाखूला चुना का लावतात? चुन्यानं तो अल्कधर्मी होतो आणि निकोटिन तोंडातल्या तोंडात शोषलं जातं, म्हणून गालात ठेवल्या ठेवल्या किक बसते. सिगारचा धूर सिगरेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळं निकोटिन लाळेत मिसळून तोंडातूनच रक्तात जातं. धूर बाहेर सोडला म्हणून काही सुटत नाही. आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांना तर तो लागतोच, रोज सिगार ओढणाऱ्यांना धूर छातीत न घेताही या जागांचे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. गुटखा-मावा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं सोलापुरात आपण रोज बघतो, त्यातल्या कुणी छातीत काय घेतलं होतं?

छोटा म्हणजे हलका, हेही असंच. बारीक सिगार घाईनं ओढला की जास्त तापतो आणि तिखट लागतो. लांबीवरून फक्त किती वेळ चालेल ते कळतं, कडकपणा नाही. तंबाखूचं प्रमाण बघायचं तर बिडीत पाव ग्रॅमच्या आसपास असतो, मोठ्या सिगारात ५ ते २० ग्रॅम. म्हणजे १० ग्रॅमचा एक सिगार म्हणजे ४० बिड्यांचा तंबाखू, एका बैठकीत.

नॅचरल म्हणाल तर तेंदूपान पण नॅचरलच आहे, म्हणून बिडी औषध झाली का? सिगारचा तंबाखू महिनोन्‌महिने मुरवतात, त्यातच नायट्रोसामाइन नावाचे कॅन्सर करणारे पदार्थ वाढतात, आणि ते सिगारच्या धुरात सिगरेटपेक्षा जास्त असतात.

फ्रीजचं थोडक्यात सांगतो, फ्रीजची हवा कोरडी असते, सिगार सुकतो आणि शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास धरतो. त्याला ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो, म्हणून बंद डबा आणि आतला ओलावा टिकवून ठेवणारं पाकीट. आपल्या मे महिन्यात तो डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवायचा, उष्णतेनं तंबाखूतले किडे अंड्यातून बाहेर येतात आणि पानाला बारीक भोकं पाडतात.

भाच्याला फोन केला, हे सगळं सांगितलं, आणि घेऊ नकोस हेही सांगितलं. "तरी पण एकदा मामा?" म्हणाला. मग म्हटलं, ऐकणारच नसशील तर पोटभर जेवून बस, भरणी हलकी आहे ना ते विचारूनच घे, दोन झुरक्यांच्या मधे मिनिटभर जाऊ दे, आणि कपाळाला गार घाम आला की तिथंच ठेवून दे, किती पैसे दिलेत ते बघू नकोस.